चार नंबरची स्प्रिंग

हूफडॉर्प ह्या डच गावी राहायला गेलो त्या वर्षी मी सतत थकलेली असायचे. आजारी नव्हते. रक्त तपासून झालं, तिथल्या फॅमिली डॉक्टरने, म्हणजे हाउसआर्ट्सने, सगळ्यांना सांगतात तसं पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं आणि मी घरी आले. नवऱ्याला कंपनीने परमिटवर आणलं होतं, त्याच्या मागोमाग मी आणि सहा वर्षांची मुलगी. भोसरीतल्या एका स्प्रिंगच्या कारखान्यात मी नऊ वर्षं क्वालिटी बघितली होती. माझी सही झाल्याशिवाय माल गेटबाहेर पडायचा नाही. तिथे माझ्या डिग्रीचे कागद कुठल्याशा कार्यालयात पडून होते आणि मी मुलीला सायकलवर शाळेत सोडून समोरच्या वाऱ्यात पॅडल मारत परत यायचे. जाताना वारा समोरून, येतानाही समोरूनच. ही जादू त्या देशाला कशी जमते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

कॉलेजात एनसीसीत मी पॉइंट टू टू रायफल चालवली होती, बऱ्यापैकी चालवली होती. गावाबाहेर कारखान्यांच्या शेडमागे एक नेमबाजीचा क्लब आहे हे नवऱ्याला ऑफिसातल्या कोणाकडून तरी कळलं. "जा की," तो म्हणाला, "घरात बसून वीकेंडला माझं डोकं खाण्यापेक्षा बरं." मी रागाने गेले आणि तिथेच रमले. क्लबात पहिलं वर्षभर उमेदवारी असायची. तुमच्यावर लक्ष ठेवायचे, पोलिसांचे दाखले मागायचे आणि वर्ष संपलं की कमिटी ठरवायची, ठेवायचं की नाही. माझा निर्णय नोव्हेंबरात होणार होता.

क्लबाच्या स्वतःच्या सहा सेमी-ऑटोमॅटिक रायफली होत्या. त्या पोलादी कपाटात असायच्या आणि कमिटीचं माणूस त्या काढून द्यायचं, परत ठेवायचं. पण त्यांची देखभाल करायचे एक बहात्तर वर्षांचे गृहस्थ. आयुष्यभर शेतीची यंत्रं दुरुस्त केलेले, बायको गेलेली, उइटहॉर्नला एकटे राहणारे. रेंजच्या मागे एक छोटी खोली होती, तिची किल्ली त्यांच्याकडे. तेल, ब्रश, स्प्रिंगा, बफर, सगळं त्यांच्या हाताखाली. क्लबातली विशीतली पोरंसुद्धा त्यांना नावाने हाक मारायची. माझी जीभ काही वळेना. तोंडावर मी त्यांना 'मेनेर' म्हणायचे, म्हणजे साहेब, आणि मनात काका. इथेही काकाच म्हणते.

काकांची आणि माझी ओळख एका स्प्रिंगवरून झाली. त्यांनी रायफलच्या दस्त्यातून, म्हणजे खांद्याला टेकतो त्या भागातून, एक लांबलचक स्प्रिंग ओढून काढली होती आणि ती उजेडाकडे धरून बघत होते. मी मागून म्हणाले, "ही बसली आहे. दोन-तीन वेढ्यांइतकी आखूड झाली आहे." त्यांनी मान वळवली. त्या देशात आल्यापासून कोणी माझ्याकडे पहिल्यांदाच असं बघितलं, म्हणजे मला काहीतरी येतं अशा नजरेने. मला रडू आलं असतं, पण मी स्प्रिंगकडे बघत राहिले.

तेव्हापासून दर शनिवारी मी त्या खोलीत असायचे. काम तसं साधं. गोळी सुटली की रायफलचा बोल्ट धडकन मागे येतो, त्याच्यामागे बफर नावाचा वजनदार ठोकळा आणि त्याच्यामागे ही स्प्रिंग. दोघं मिळून धक्का पोटात घेतात, आणि मग स्प्रिंगच बोल्टला पुढे ढकलते, जाताना तो पुढची गोळी उचलून नळीत बसवतो. स्प्रिंग थकली की बोल्ट मागे जोरात आदळतो आणि पुढे मात्र रेंगाळत जातो. गोळी अर्धवट बसते, बोल्ट मिटत नाही. काकांकडे एक लाकडी पट्टी होती, तिच्यावर दोन खाचा. नवीन स्प्रिंग पहिल्या खाचेपर्यंत यायची. दुसऱ्या खाचेच्या आत आली की टाकून द्यायची, वाद नाही. बफरच्या टोकाचं प्लास्टिक नखाने दाबून बघायचं, चीर दिसली तर तोही बदलायचा.

मेंबर लोक कॅटलॉग घेऊन यायचे आणि जास्त जोराची स्प्रिंग घाला, जड बफर घाला म्हणून मागे लागायचे. काका वैतागायचे. "जास्त जोर म्हणजे चांगलं असं ज्याला वाटतं, त्याने ट्रॅक्टर चालवावा," म्हणायचे. आपल्या हलक्या गोळीला ती जाड स्प्रिंग पुरती दाबताच येणार नाही, बोल्ट अर्ध्यातूनच परत फिरेल, आणि मग तुम्हीच ओरडाल. रायफल, गोळी, बफर आणि स्प्रिंग ह्यांचं आपसात जमलं पाहिजे, हे ते इतक्या वेळा सांगायचे की मला पाठ झालं होतं. मी त्यांना आमच्या कारखान्यातले किस्से सांगायचे. आखूड भरलेला माल कामगार ताणून लांबीत बसवायचे आणि मी सगळा लॉट परत पाठवायचे, कारण ताणलेली स्प्रिंग चार दिवसांत मूळ पदावर येते. ते हसून म्हणायचे, "तू माझ्यापेक्षा कडक आहेस."

भिंतीवर सहा खिळे होते आणि प्रत्येकावर एक लाकडी बिल्ला, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवा. रायफल तपासून ठीक निघाली की तिचा बिल्ला हिरवा करायचा. तो फक्त काकाच फिरवायचे.

सप्टेंबरात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, मोतीबिंदूचं, बुधवारी. आणि त्याच शनिवारी ब्रेडा गावच्या क्लबाबरोबर मैत्रीचा सामना होता. मंगळवारी काका तपासायला बसले. तीन रायफली झाल्या आणि डोळ्यातून पाणी यायला लागलं. उरलेल्या तीन रायफली शनिवारी सकाळी लवकर येऊन बघेन, असं मला म्हणाले. तीन बिल्ले हिरवे, तीन लाल, आणि ते बसने घरी गेले.

माझ्या मनात आलं, एका डोळ्यावर पट्टी बांधून हा माणूस सकाळी सातला इथे येणार? त्यापेक्षा आपणच उरकून टाकावं. गुरुवारी सरावानंतर ज्याने त्याने वापरलेली रायफल त्या खोलीत पुसायची पद्धत होती, काका नसले की कमिटीचं माणूस खोली उघडून द्यायचं, त्यामुळे मी तिथे काय करतेय हे कोणी विचारलं नाही. काकांना फोन करून सांगावं हे मला सुचलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर सुचलं असतं तरी केलं नसतं. आमच्याकडे मोठ्यांचं काम असं गुपचूप उरकून ठेवायचं असतं. सासऱ्यांच्या चपला पुसून ठेवल्या, आईचं दळण आणून ठेवलं, तर ते बोलून दाखवायचं नाही. बोलून दाखवलं की ते मिरवणं झालं. तिथे उलट. तिथे कोणी तुमच्या दारातली पानं झाडणार असेल तरी आधी सांगेल, तारीख ठरवेल. मला त्यात कोरडेपणा वाटायचा.

उरलेल्या तिन्ही रायफली पुसायला मीच घेतल्या. पाच आणि सहा नंबर ठीक निघाल्या. चार नंबरची स्प्रिंग पट्टीवर ठेवली तर दुसऱ्या खाचेच्या बोटभर आत. खण उघडला, नवीन स्प्रिंग एकही नव्हती. मागवली तर दोन आठवडे. करायचं काय ते उघड होतं. बिल्ला लाल ठेवायचा आणि पाच रायफलींवर सामना खेळायचा. काहीही बिघडलं नसतं. पण मी काम उरकून ठेवायला आले होते, आणि एक लाल बिल्ला म्हणजे काम राहिलं. शिवाय मी थकले होते, मुलीला आणायची वेळ झाली होती. मी स्प्रिंगची दोन्ही टोकं धरली आणि सावकाश, सगळे वेढे सारखे राहतील अशी ताणली. पट्टीवर ठेवली. खाचेबाहेर आली. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, चालून जाईल, असं मी स्वतःशी म्हणाले.

चालून जाईल. त्या वर्षी मी हे दिवसातून दहा वेळा म्हणत होते. कढीपत्ता नाही, चालून जाईल. मुलगी मराठीत विचारलं तर डचमध्ये उत्तर देते, चालून जाईल. फोनकार्ड संपत आलं, आईशी तीनच मिनिटं बोलले, चालून जाईल. नऊ वर्षं मी ज्या गोष्टीसाठी लोकांचे लॉट परत पाठवले ती मी स्वतःच्या हाताने केली आणि तिन्ही बिल्ले हिरवे करून घरी गेले.

शनिवारी काका आले. डोळ्यावर प्लास्टिकची भोकाभोकांची वाटी चिकटवलेली. ते खिळ्यांसमोर उभे राहिले, एका डोळ्याने सहा हिरवे बिल्ले बघितले आणि पुटपुटले, "म्हणजे मी मंगळवारीच सगळं संपवलं होतं." मी शेजारीच कॉफी ओतत होते. मला मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कसं गंडवलं, बसू दे आता निवांत.

चार नंबर ब्रेडाच्या एका बाईच्या वाट्याला आली. पहिल्या फैरी नीट झाल्या. मग बोल्ट मिटेना. तिने सोडवला, दोन गोळ्या गेल्या, परत अडकला. तिसऱ्यांदा रेंजवाल्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. कोणाला काही झालं नाही, कोणाला होण्यासारखं नव्हतंही, पण पाहुण्यांसमोर सामना थांबला. क्लबाच्या अध्यक्षबाई, पन्नाशीच्या, स्पष्टवक्त्या, चार नंबर घेऊन आत आल्या. मागोमाग काका, मागोमाग मी. काकांनी स्प्रिंग काढून पट्टीवर ठेवली. खाचेच्या चांगली आत.

"ही कोणी तपासली?" बाईंनी विचारलं.

काकांनी भिंतीकडे बघितलं. चार नंबरचा बिल्ला हिरवा होता.

"मी," ते म्हणाले. "मंगळवारी. माझ्या हातात होती ही. बरोबर भरली होती." मग डोळ्यावरच्या वाटीला बोट लावून, हळू आवाजात, "निदान मला तशी दिसली."

मी मूग गिळून गप्प उभी होते. दहा सेकंदं असतील. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते की माझं डच तेवढं नव्हतं. खोटं आहे. खोलीतल्या दोघांनाही उत्तम इंग्रजी येत होतं. मी घाबरले. नोव्हेंबरात कमिटी बसणार होती, आणि आठवड्यातली ती एकच जागा होती जिथे मी कोणीतरी होते. मी भित्रेपणा केला, ह्याला दुसरा शब्द नाही.

बाई रागावल्या नाहीत, तेच वाईट होतं. त्या काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आपण सामन्यानंतर बोलू."

दोन आठवड्यांनी सगळ्या मेंबरांना पत्र आलं. काकांनी स्वतःच्या विनंतीवरून देखभालीचं काम सोडलं आहे, त्यांचे आभार, खोलीची किल्ली तूर्त कमिटीकडे. मी ते पत्र डिक्शनरी घेऊन दोनदा वाचलं आणि मग सगळं नवऱ्याला सांगितलं. तो लॅपटॉपवर होता. त्याने लॅपटॉप मिटला, हे आमच्या घरात क्वचित व्हायचं.

"अगं, मग सांगून टाक ना."

"आणि मेंबरशिप?"

"मेंबरशिपचं काय घेऊन बसलीस? तो माणूस स्वतःला आंधळा समजतोय तिकडे. उद्याच जा."

दुसऱ्या दिवशी मी बसने उइटहॉर्नला गेले. न कळवता. कळवलं असतं तर फोनवरच धीर सुटला असता. काकांनी दार उघडलं आणि मला बघून त्यांचा चेहरा उतरला. "आज आपलं ठरलं होतं का?" ते म्हणाले. "मी विसरलो?" मी नाही नाही म्हणत असताना ते आत जाऊन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बोट फिरवून आले. तिथे काही लिहिलेलं नव्हतं, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मी सगळं सांगितलं. उभ्यानेच, कोटही न काढता. गुरुवार, रिकामा खण, ताणलेली स्प्रिंग, बिल्ले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग ते हसले, अगदी मायेने.

"तू चांगली आहेस," ते म्हणाले. "पण असं करू नकोस. तुमच्याकडे म्हाताऱ्यांची फार काळजी घेतात, मला माहीत आहे."

"मी काळजी घेत नाहीये! मी खरं सांगतेय!" माझा आवाज चढला.

"तू स्प्रिंग ताणशील? तू?" त्यांनी मान हलवली. "तूच मला सांगितलंस, तू लॉटच्या लॉट परत पाठवायचीस. दुसरं कोणी म्हणालं असतं तर मी विश्वास ठेवला असता. आणि मला आठवतंय ना. चार नंबर माझ्या हातात होती. दिव्याखाली धरली होती. खाचेपर्यंत आली होती."

माझ्याबद्दल त्या देशात एकाच माणसाला खात्री होती, आणि तीच खात्री आता माझ्या आड येत होती. मी रडले. त्यांनी मला कॉफी करून दिली आणि विषय बदलला.

शनिवारी मी अध्यक्षबाईंना गाठून सांगितलं. त्यांना पटायला एक मिनिटही लागलं नाही. "हे तू त्याच दिवशी सांगायला हवं होतंस," त्या म्हणाल्या. "स्प्रिंगपेक्षा हे वाईट." माझी उमेदवारी आणखी सहा महिने लांबली, बस, एवढीच शिक्षा. मी उगाचच ज्याला घाबरले होते ते एवढंसं निघालं. बाईंनी माझ्यासमोर काकांना फोन लावला. "ती खरं बोलते आहे," त्या म्हणाल्या, "मी दुसऱ्या मेंबरला विचारलं, गुरुवारी ती खोलीत होती. तुम्ही पुढच्या शनिवारपासून परत या." माझा जीव भांड्यात पडला. मग बाई बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "ते येणार नाहीत."

का ते मला काकांनीच सांगितलं, पुढच्या आठवड्यात, त्यांच्या बैठकीत. आता त्यांना माझं पटलं होतं.

"ताणलेली स्प्रिंग तुझी, मान्य. मग मी मंगळवारी तीनच तपासल्या होत्या," ते म्हणाले. "पण चौथी मला आठवते आहे. तिचा हाताला लागलेला थंडपणासुद्धा आठवतो आहे. आधी मला वाटलं माझा डोळा चुकला. डोळा दुरुस्त होतो. पण जे झालंच नाही ते मला इतकं स्वच्छ आठवत असेल, तर मी बंदुकीला हात कसा लावू?"

मी म्हणाले की असं सगळ्यांचंच होतं, हिरवा बिल्ला बघून कोणालाही वाटलं असतं. ते हो म्हणाले, माझ्या समाधानासाठी. मी त्या गुरुवारी फोन उचलून चार शब्द बोलले असते तर ते कदाचित आणखी पाच वर्षं त्या खोलीत बसले असते. ते शब्द बोलणं मला मिरवणं वाटलं.

डिसेंबरात त्यांची स्वतःची दुरुस्तीची अवजारं आणायला आम्ही दोघं क्लबात जाणार होतो. मी त्यांना घ्यायला गेले, ह्या वेळी आठवडाभर आधी कळवून, तारीख ठरवून. ते कोट घालून तयारच होते. आम्ही बाहेर पडलो, फाटकापर्यंत आलो आणि ते थांबले.

"मी दार लावलं ना?"

"लावलं," मी म्हणाले.

"तू बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. मी टोपी नीट करत होते. हो म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही बघितलं," मी म्हणाले. "थांबा, बघून सांगते." मी परत गेले आणि त्यांच्या देखत दाराची मूठ दोनदा ओढून पाहिली. "लागलंय."

"मीच लावलं होतं?"

"तुम्हीच. किल्ली तुमच्या खिशात आहे."

त्यांनी हात घालून किल्ली चाचपली, मान हलवली, आणि आम्ही निघालो. बसस्टॉप येईपर्यंत त्यांनी तीनदा मागे वळून घराकडे बघितलं.